चोर हळद लावत नाही

आप्पा माणसाचं तोंड नंतर बघायचे, आधी पाय बघायचे. सकाळच्या पाळीचे दीडदोनशे लोक कारखान्याच्या गेटातून आत यायचे, तेव्हा आप्पा एका बाजूला तंबाखू मळत खाली मान घालून उभे असायचे आणि मान वर न करताच बोलायचे, "टाचंला बूट लागतोय का रं?" नाहीतर "आज कंबर धरलीय जणू." ज्याला विचारलं तो चपापायचा, कारण ते खरं असायचं. माझी त्यांची पहिली गाठ अशीच पडली. नोकरीचा पहिला दिवस, पायात नवे कोरे सेफ्टी बूट, आणि हा गडी माझ्या पायांकडे का बघतोय म्हणून मी अवघडलेला. "पाव्हणं दौंडचं दिसत्यात," आप्पा म्हणाले. कशावरून, असं मी विचारलं. "चालण्यावरनं. तुमच्याकडं रेल्वे हाय न्हवं? गाडी सुटंल म्हणून दौंडची माणसं कायम निम्मी पुढं कललेली." त्या दिवशी माझं बारशाचं नाव बाद झालं आणि आप्पांच्या तोंडी मी नुसता 'दौंड' उरलो.

ते होते शिरूर तालुक्यातल्या एका लहान गावचे. नव्वदीच्या दशकात नगर रस्त्याला कारखाने उभे राहिले तेव्हा पहिल्या भरतीत लागलेले. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं होती. आजोबांचा सगळा जन्म मेंढरांमागे चालण्यात गेला, वडिलांचा निम्मा. मग कालव्याच्या चारीला पाणी आलं, कांदा आला, ऊस आला आणि वाडा, म्हणजे मेंढरांचा फिरता तळ, एका जागी थांबला. आप्पा विशीत पाबळच्या हातकामाच्या शाळेत जाऊन वेल्डिंग शिकून आले. पण हात मेंढपाळाचाच राहिला. लोकर कातरणं आणि वेल्डिंग करणं यात त्यांना फारसा फरक वाटत नसे. "दोन्हीकडं घाई केली की कातडं जातं," असं म्हणून ते काच तोंडावर ओढायचे आणि वेल्डिंगची अशी सरळ रेघ मारायचे की इन्स्पेक्शनचा साहेब बोट फिरवून बघायचा आणि शिक्का मारून पुढे जायचा.

त्यांची दुसरी खोड म्हणजे न वाचता सही न करणं. मराठी ते स्वतः वाचायचे, इंग्रजी असलं की मला हाक. "ए दौंड, वाचून दाखव." ओव्हरटाइमची पावती असो, रजेचा अर्ज असो, सेफ्टी शूज मिळाल्याची पोच असो, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचायचं, मग मराठीत सांगायचं, मग परत एकदा वाचायचं. दोनदा ऐकल्यावर ते खिशातून पेन काढणार आणि आपलं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, एकेक अक्षर कोरून लिहिणार. टाइम ऑफिसमधला कारकून म्हणायचा, "आप्पा, जमीन विकताय का काय?" आप्पा शांतपणे म्हणायचे, "जमीन इकली तर परत घेता येती." मला ती गंमत वाटायची. त्यामागे काय होतं ते पुढे फार दूरवर, परक्या मुलखात कळलं.

नवं शतक सुरू होऊन पाचसहा वर्षं झाली असतील. ऑस्ट्रेलियातल्या एका कंपनीला वेल्डर हवे होते. धान्य साठवायच्या पत्र्याच्या उंच कोठ्या बनवणारी कंपनी. त्यांचा माणूस पुण्यात आला, परीक्षा घेतली, आणि आमच्याकडचे तिघं निवडले गेले. आप्पा, मी आणि शिरूर गावातला एक जण. आप्पांची मुलगी पुण्यात नर्सिंग शिकत होती, धाकटा दहावीला होता. "चार वर्षं जातो, दोघांचं मार्गी लावतो, येतो," इतका साधा त्यांचा हिशेब. एजंटच्या ऑफिसात करारनाम्याची चौदा पानं मी वाचली. दोनदा. एजंट तेवढ्यात तीन चहा प्यायला आणि चौथ्या वेळी त्यानं आमच्यासाठीही मागवला.

व्हिसा दोन वर्षांचा, पुढे कंपनीनं वाढवून घ्यायचा, म्हणजे कंपनीच्या खुंट्याला बांधलेला. नोकरी आहे तोवर मुक्काम. नोकरी गेली की काही दिवसांत गाशा गुंडाळायचा. हे आम्ही तिघंही रोज मनात घोकत असू. रस्ता ओलांडताना सिग्नल बघायचो, घरात मोठ्यानं गाणी लावायचो नाही, पोलिसाची गाडी दिसली की उगाच शर्ट नीट करायचो. आप्पा आम्हाला हसायचे. ते तिथंही गेटाशी उभे राहून पायच बघायचे. चार-दोन महिन्यांत त्यांनी त्या गावातल्या निम्म्या लोकांची दुखणी ओळखून ठेवली होती, फक्त सांगायला भाषा नव्हती.

दुसऱ्या वर्षी एका रविवारी आप्पा आणि मी दोन तासांवरच्या मोठ्या गावात किराणा आणायला गेलो होतो. तिथं आपल्याकडचं सामान मिळायचं. पीठ, डाळ, तेल, हळद, सगळं कंपनीच्या व्हॅनमध्ये मागे टाकलं आणि परत निघालो. गाडी मी चालवत होतो. दोन्ही बाजूंना तारेची कुंपणं आणि आत मेंढ्या, मैलोगणती. पंधरा दिवस पावसाची झड लागून गेलेली, जमीन नुसती चिखल. आप्पा खिडकीतून बघत होते. कुठे, ते सांगायला नकोच.

"दौंड, गाडी थांबव."

"काय झालं?"

"ती बघ, गुडघ्यावर बसून चरतीय. खुरं सडल्यात तिची."

मी म्हणालो, आप्पा, दुसऱ्याचं रान आहे. तोवर ते तार ओलांडून आत पोचलेसुद्धा. मी दारात उभा राहून बघत होतो. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी तो माणूस चिखलातून कसा वाकून गेला आणि त्या मेंढीची मागची तंगडी कशी अलगद धरली, ते मला आजही दिसतं. आपल्याकडचा कुठलाही मेंढपाळ जे करील तेच त्यांनी केलं. मेंढी खांद्यावर घेतली आणि कोरड्या जागेकडे निघाले. चिखलात खूर कापत नसतात, जखमेत घाण जाते. आणि मैलभर सगळीकडे चिखल असताना कोरडी जागा एकच होती, आमच्या व्हॅनचा मागचा पत्रा.

कुंपणापाशी मी मेंढी हातात घेतली. व्हॅनमध्ये चढवायला मी मदत केली. तिचे मागचे पाय मी धरून बसलो. हे सगळं मी केलं, आणि हे नीट लक्षात ठेवा म्हणून सांगतो.

आप्पांनी खिशातली लहान सुरी काढली. आमच्या प्यायच्या पाण्यानं खूर धुतलं आणि सडलेला भाग पातळ पातळ सोलून काढायला लागले. वास असा की मी तोंड फिरवलं. आप्पा मात्र तिच्याशी बोलत होते, "झालं बाय, झालं, एवढंच ऱ्हायलं." मग हळदीची नवी पिशवी फोडली, तेलात कालवली आणि जखमेत भरायला घेतली. तेवढ्यात कुंपणाच्या आतून एक लाल गाडी आमच्याकडे येताना मला दिसली.

"आप्पा, कुणीतरी येतंय."

"मालक आसंल. बरंच झालं, त्याला सांगू. बाकीची पन बघाय पायजेत."

मी मेंढीचे पाय सोडले. उतरलो, पुढच्या सीटवर जाऊन बसलो आणि डोळे मिटले.

मालक आला. त्याच महिन्यात कुणीतरी त्याच्या कुरणातून ट्रक भरून मेंढ्या पळवल्या होत्या, हे आम्हाला नंतर समजलं. त्याला दिसलं ते एवढंच की एक परका माणूस हातात सुरी घेऊन बसलाय आणि आपली मेंढी त्याच्या गाडीत आहे. तो ओरडला. आप्पा वर न बघता म्हणाले, "वन मिनिट." त्यांना येणाऱ्या मोजक्या इंग्रजीतले ते दोन शब्द. मालकानं व्हॅनची किल्ली काढून घेतली आणि पोलिसांना फोन केला. पोलीस आले, सुरी खाली ठेव म्हणाले. आप्पांनी आधी हातरुमाल फाडून खुराला पट्टी बांधली, गाठ मारली, मेंढी खाली उतरवली, आणि मगच सुरी पोलिसाच्या हातात दिली. मिटल्या डोळ्यांनी मी सगळं ऐकत होतो, मधूनच डोळे किलकिले करून आरशात बघत होतो.

चौकीत आम्हाला वेगवेगळं बसवलं. मला विचारलं, तू काय बघितलंस? माझी बायको आणि तीन वर्षांची मुलगी दौंडला होत्या, त्यांना बोलावून घ्यायचे कागद त्याच महिन्यात भरले होते. मी म्हणालो, मी झोपलो होतो. गाडी थांबली केव्हा? रस्त्याकडेला झोप काढायला मीच थांबवली, पुढचं मला ठाऊक नाही. त्यांनी ते लिहून घेतलं, मी सही केली. वाचूनही बघितलं नाही.

संध्याकाळी दोघांना सोडलं. आप्पांवर दोन आरोप. एक, परवानगी नसताना कुंपणाच्या आत शिरणं. दुसरा, मेंढीची चोरी. परतीच्या वाटेवर आप्पांनीच विचारलं, "तू काय सांगितलंस?" मी सांगितलं. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "बरं," ते म्हणाले. दौंडची माणसं वगैरे काहीच म्हणाले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं.

दोन दिवसांनी कंपनीचा मॅनेजर म्हणाला, गुन्हा कबूल कर, पहिलीच वेळ आहे, थोडा दंड होईल, दहा मिनिटांचं काम. सरकारनं दिलेली वकील, एक तरुण बाई, तिनं मात्र दोन्ही बाजू नीट समजावल्या. कबूल केलं तर दंड होऊन सुटाल, कंपनी व्हिसा वाढवून घेईल, पण कागदावर चोरी राहील. लढलात तर पाचसहा महिने जातील. व्हिसाची मुदत तेवढीच उरलीय, आणि खटला चालू असताना कंपनी पुढचा अर्ज भरणार नाही. जिंकलात तरी बहुतेक घरी जावं लागेल. मी हे सगळं मराठीत सांगितलं. आप्पा म्हणाले, "त्यो कबुलीचा कागद वाचून दाखव."

वाचला. त्यात लिहिलं होतं की सदर मेंढी कायमची स्वतःकडे ठेवण्याच्या इराद्यानं मी उचलली.

"परत वाच."

परत वाचला.

"इरादा म्हंजी?"

"म्हणजे तुमच्या मनात तसं होतं, असं."

"माझ्या मनात काय हुतं ते ह्यांनी कवा लिवलं? मला इचारलं व्हतं का?" त्यांनी कागद घडी घालून वकीलबाईंना परत दिला. "कुंपान वलांडलं, ते खरं हाय. त्याच्यावर आत्ता सही करतो, दंड द्या न्हाईतर आत टाका. चोरीवर न्हाई करत."

त्या आठवड्यात मी त्यांच्यामागे लागलो होतो. आप्पा, मुलीचं शेवटचं वर्ष आहे. आप्पा, इथं कोण ओळखतंय आपल्याला? गावात कुणाला कळणारसुद्धा नाही. चुलीवर, म्हणजे गॅसवर, भाकरी थापता थापता त्यांनी पहिल्यांदा आणि शेवटचं मला वडिलांचं सांगितलं. मेंढरं घेऊन फिरताना एका गावात कुणाची तरी दोन करडं गेली. यांचा वाडा जवळ होता. पाटलानं बोलावून घेतलं आणि म्हणाला, एवढा अंगठा दे आणि जा, विषय मिटला. वडिलांना पुढच्या गावी पोचायचं होतं. दिला अंगठा.

"त्या सालापास्नं त्या वाटंवर कुणाचं कायबी जाऊ दे, कोंबडं जाऊ दे, पयली झडती आमच्या वाड्याची. बा मेला तरी झडती थांबली न्हाई. बा चोर न्हवता रं. त्याला घाई व्हती." भाकरी उलटवत ते म्हणाले, "मला घाई न्हाई."

गावात कळायचं ते कळलंच. शिरूरच्या आमच्या जोडीदारानं घरी फोन केला आणि बातमी आप्पांच्या गावी त्याच दिवशी पोचली, तीही वाढून. बिरू आप्पा परदेशात मेंढरं चोरताना सापडला. रविवारी काकूंचा, म्हणजे आप्पांच्या मंडळींचा, फोन आला. आप्पा फोन नेहमी कानापासून लांब धरायचे, त्यामुळे दोन्हीकडचं मला ऐकू यायचं.

"बाजारात बाया इचारत्यात. तुम्ही घेतली का?"

"न्हाई. पाय बघत हुतो."

"मला ठावं हाय. तरी तुमच्या तोंडनं ऐकायचं हुतं. मग कशावर सही करू नका. इथलं मी बघते."

एवढंच. मला वाटलं होतं काकू रडतील, परत या म्हणतील. मी दाराआडून ऐकत होतो आणि मला माझीच शरम वाटत होती.

पुढचे पाच महिने आप्पा एक दिवसही चुकले नाहीत की उशिरा गेले नाहीत. वर्कशॉपमध्ये काही जण त्यांना बघून मेंढीसारखं ओरडायचे. स्टोअरचा एक आडदांड माणूस तर रोज, न चुकता. एके दिवशी आप्पा त्याच्यासमोर उभे राहिले, त्याच्या पायांकडे बघितलं आणि मला म्हणाले, "ह्याला सांग, डावा गुडघा गेलाय तुझा. शिडी चढत जाऊ नको." मी घाबरत सांगितलं. गुडघा दुखतो हे त्यानं नोकरीच्या भीतीनं कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून तो ओरडायचा बंद झाला आणि चारदोन दिवसांनी त्यानं आप्पांसाठी केक आणला. आप्पांनी विचारलं, "अंडं हाय का यात?" आणि असतानाही खाल्ला.

दरम्यान पोलिसांनी मेंढीच्या खुरावरची 'अज्ञात पिवळी पावडर' तपासायला शहरात पाठवली होती. सात आठवड्यांनी अहवाल आला. वकीलबाईंनी तो मला फोनवर वाचून दाखवताना त्यांना हसू आवरेना. पावडर हळदीची होती, सोबत शेंगदाण्याचं तेल. आप्पा मात्र हसले नाहीत. "माझ्याकडं पिशवी हुती की. इचारलं आस्तं तर दाखवली आस्ती," म्हणाले.

खटल्याचा दिवस आला. मी मागे बाकावर बसलो होतो. वकीलबाईंनी मला आधी विचारलं होतं, साक्ष देशील का? त्यानं मेंढीला औषध लावताना तू बघितलं असशील तर खूप उपयोग होईल. मी उत्तर द्यायच्या आत आप्पाच बोलले होते, "त्याला मधी घेऊ नका. त्याची लेक यायचीय." बायकोचा आणि मुलीचा व्हिसा आदल्याच आठवड्यात मंजूर झाला होता. पोलिसांसमोर खोटं बोललो हे आता कबूल केलं असतं तर तो राहिला असता का, मला माहीत नव्हतं. मी मान खाली घातली आणि ती तशीच ठेवली.

मराठी दुभाषा मिळाला नाही, हिंदीचा मिळाला. आप्पांची हिंदी कारखान्यातल्या बिहारी पोरांबरोबर काम करताना आलेली. पण त्या दिवशी ती पुरली. सरकारी वकिलानं विचारलं, औषधच लावायचं होतं तर मेंढी गाडीत का घातली? आप्पा म्हणाले, "साब, चोर जनावर को हल्दी नहीं लगाता. चोर भागता है. मैं तो बैठा था, बुलाया तब भी बैठा था."

मग मालकाची साक्ष झाली. त्या माणसाचं मला आजही कौतुक वाटतं. आप्पांनी पहिल्याच दिवशी चौकीत, फोनवरच्या हिंदी दुभाष्याकरवी, आपल्या बचावाऐवजी सांगितलं होतं की हा रोग एकट्या मेंढीला होत नाही, कळपात आणखी असतील, त्यांना कोरड्यात काढा. पोलिसानं ते बिनकामाचं म्हणून का होईना, लिहून घेतलं होतं. वकीलबाईंनी ते वाचून विचारलं, तुम्ही मग कळप तपासलात का? मालक आपल्या टोपीकडे बघत म्हणाला, तपासला. अकरा निघाल्या. आणि ती पट्टीवाली? ती आता चालते.

सगळं इथंच संपलं असतं तर बरं झालं असतं. पण सरकारी वकिलानं आप्पांना शेवटचा एक प्रश्न विचारला. एवढी मोठी मेंढी कुंपणावरून एकट्यानं गाडीत चढवलीत? तुमच्याबरोबर दुसरा माणूस होता. तो काय करत होता?

आप्पांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. एका खोट्या शब्दावर सही नको म्हणून ज्यानं पाच महिने नोकरी पणाला लावली होती, तो माणूस शपथ घेऊन उभा होता.

"वो सो रहा था," आप्पा म्हणाले.

न्यायाधीशांनी चोरीचा आरोप फेटाळला. कुंपणात शिरल्याचं आप्पांनी कबूल केलंच होतं, त्याबद्दल समज दिली आणि गुन्ह्याची नोंद करू नये असा आदेश केला. आप्पांनी आदेशाचा कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मालकानं बाहेर येऊन हात पुढे केला. आप्पांनी तो धरला आणि मला म्हणाले, "ह्याला सांग, पावसाच्या आधी खुरं कापून घेत जा म्हणावं." तीन आठवड्यांनी व्हिसाची मुदत संपली. वकीलबाई म्हणाल्या होत्या तसंच झालं. कंपनीनं अर्ज भरला नाही.

विमानतळावर सोडायला मी एकटाच गेलो. सामान दिल्यावर मी आप्पांचे पाय धरायला वाकलो, तर त्यांनी खांद्याला धरून वर उठवलं. "ऐक," ते म्हणाले. "मी चोरी केली न्हाई, ते कागदावर आलं. पन कोर्टात एक लबाडी केली. तुझ्यासाठी केली, मला त्याचं वाईट न्हाई. पन ती माझ्या डोक्यावर हाय. तुझा इथला कायमचा कागद झाला, बायकापोरं थाऱ्याला लागली, म्हंजी मग चारचौघांत खरं सांग. तवर गप ऱ्हा. तवर मीबी गपच हाय." मी हो म्हणालो. डोळे पुसत, मान हलवत, तीनतीनदा हो म्हणालो.

गावी परतल्यावर आप्पा हातपाय गाळून बसले नाहीत. शिरूरच्या रस्त्याला पत्र्याचं शेड टाकून वेल्डिंगचं दुकान काढलं. ट्रॉल्या, गेटं, कांदाचाळीचे सांगाडे. मुलीचं नर्सिंग त्यावर पुरं झालं. कुणी मुद्दाम "काय आप्पा, मेंढरं काय म्हणत्यात परदेशातली?" असं विचारलं की ते काम थांबवून सगळी हकिगत सांगायचे, वैतागायचे नाहीत. मात्र गाडीतल्या दुसऱ्या माणसाशी आले की थांबायचे आणि म्हणायचे, "तो झोपला हुता." मग काच तोंडावर ओढायचे.

मी दीडदोन वर्षांनी दौंडला यायचो, तेव्हा एक दिवस शिरूरला जायचोच. शेडमध्ये शिरलो की आप्पा आधी पाय बघायचे आणि मग एकच प्रश्न विचारायचे, "कागद झाला का?" पहिल्या वेळी खरंच झाला नव्हता. दुसऱ्या वेळी झाला होता. चार महिने झाले होते. आप्पांनी विचारलं आणि माझ्या तोंडून गेलं, "व्हायचाय अजून." का म्हणालो? भीती होतीच, दिलेला कागद काढून घेतील अशी. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त लाज होती. परदेशात राहणारा, गाडी भाड्यानं करून आलेला, सगळे ज्याला साहेब म्हणतात असा माणूस मी झालो होतो. तिसऱ्या वेळी आप्पांनी तेच विचारलं, मी तेच सांगितलं. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं, जरा जास्त वेळ. "बरं," म्हणाले. "चहा घिऊन जा."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आप्पा गेले. दुकानातच, काम करता करता, छातीत कळ येऊन. मला फोनवर कळलं आणि मी मिळेल ते विमान पकडून दहाव्याला पोचलो.

आमच्याकडे दहाव्याला नदीकाठी मांडव असतो, माईक असतो. प्रवचन होतं आणि मग श्रद्धांजलीची भाषणं. सरपंच बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले. कष्टाळू होते, मनमिळाऊ होते, असं. मग कुणीतरी पुकारलं की आप्पांचे परदेशातले सहकारी आलेत, त्यांनी दोन शब्द बोलावेत. घोड नदीच्या काठावर चार-पाचशे लोक बसले होते. पुढे आप्पांची लेक, मुलगा आणि काकू. मी माईक हातात घेतला. पाठ करून आलेलं सगळं उडालं.

"त्या दिवशी गाडीत मी झोपलो नव्हतो," मी म्हणालो. मग सगळं सांगितलं. मेंढी मी चढवली, पाय मी धरले, मालक दिसल्यावर डोळे मिटले, पोलिसांना खोटं लिहून दिलं. आप्पा कोर्टात माझ्यासाठी खोटं बोलले, आणि कागद होऊन दोन वर्षं झाली तरी मी त्यांना व्हायचाय म्हणून सांगत राहिलो. सरपंचांनी टोपी काढून परत घातली.

खाली उतरल्यावर मी काकूंसमोर जाऊन बसलो. मला वाटलं होतं, त्यांना हे आज कळलं असेल. काकू रडत नव्हत्या. माझ्या डोक्यावरून त्यांनी एकदा हात फिरवला.

"बोललास, बरं केलंस," त्या म्हणाल्या. "त्यांना ठावं हुतं, कागद झालाय त्ये. तरी दर बारीला तू यायचा म्हणलं की, आज खरं सांगंल म्हणून धुतलेली कापडं घालून बसायचे. लई वाट बघितली रं तुझी."